भिंतीत टांगलेली वजनं

एका खिडकीत चार वजनं! ओतीव लोखंडाची, लांबट, गंजकी, आणि बाहेरून त्यांचा पत्ताही लागत नाही! लंडनला भाचीकडे राहायला गेले होते. तिच्या खिडकीची दोरी तुटली म्हणून सुतार आला, त्याने चौकटीच्या आतल्या बाजूची एक छोटी फळी उचकटली आणि पोकळीतून हे दांडकं ओढून काढलं. तेव्हापासून मला सॅश विंडोचं अक्षरशः वेड लागलंय.

एकावर एक दोन काचेच्या चौकटी, वर-खाली सरकणाऱ्या. प्रत्येकीला दोन दोऱ्या. दोरी कप्पीवरून भिंतीच्या बाजूला आत उतरते आणि तिच्या टोकाला वजन लोंबकळतं. काच खाली आली की वजन वर जातं. काच आणि वजन तोलून बसवलेलं असल्यामुळे एवढी जड खिडकी एका बोटाने उचलली जाते आणि सोडाल तिथे थांबते! त्यातही कारागिरी बघा: वरच्या चौकटीची वजनं किंचित जड, म्हणजे ती वरच राहते, आणि खालचीची किंचित हलकी, म्हणजे ती घट्ट बसते.

आपल्या रेल्वेच्या जुन्या डब्यातली खिडकी आठवते? वर ढकलायची, खटक्यात अडकवायची, आणि खटका चुकला की बोटं गेली! सतराव्या शतकात फ्रान्समध्ये सरकत्या खिडक्या होत्या, त्या अशाच, खुंटीवर नाहीतर खटक्यावर तोललेल्या. 1670च्या आसपास इंग्लंडमध्ये राजाच्या आणि सरदारांच्या वाड्यांत वजनं-कप्प्यांची खिडकी आली, 1690च्या दशकात हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात ती दिमाखात बसली, आणि मग सगळ्या शहरालाच ती हवीशी झाली.

आता खरी गंमत. खिडकीवरून घराचं वय सांगता येतं! 1666च्या आगीने पोळलेल्या लंडनने 1709 साली कायदा केला: लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत हवी. 1774 साली आणखी एक आला: वजनांची पेटीसुद्धा विटांच्या मागे लपवा. मी तडक क्वीन ॲन्स गेटला गेले. तिथली 1704-05च्या सुमाराची घरं कायद्याच्या आधीची, त्यामुळे खिडक्या भिंतीला जवळजवळ लागून! तिथून बेडफर्ड स्क्वेअर. तो 1775नंतरचा, तिथे चौकट विटांमागे गेलेली, बाहेरून फक्त लाकडाची बारीक कड दिसते. भाची वैतागून म्हणाली, "मावशी, लोकांच्या खिडक्यांचे फोटो पुरे आता, कुणीतरी पोलीस बोलावेल."

पण काचेबद्दल बोलू दे ना! तेव्हा काच फुंकून, गरगर फिरवून तिची मोठी थाळी करत आणि तीतून तावदानं कापत. म्हणून ती लहान, म्हणून वर सहा आणि खाली सहा. जुनी काच अजून शाबूत असेल तर तिच्यात समोरचं झाड हलतंसं दिसतं. शिवाय काचेवर वजनाप्रमाणे कर होता आणि 1696पासून खिडक्यांवर वेगळा! काचेचा कर 1845 साली गेला, खिडक्यांचा 1851 साली. काच मोठी आणि स्वस्त झाली, मधल्या पट्ट्या गळल्या. मग जड काचेने सांधे खिळखिळे होऊ नयेत म्हणून वरच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाची छोटी शिंगं ठेवू लागले. भाचीच्या खिडकीला ती आहेत. म्हणजे घर व्हिक्टोरियन!

इतकं होऊनही बहुतेक लोक खालचीच चौकट उघडतात. अहो, वरची थोडी खाली ओढा! खोलीतली गरम हवा वरून बाहेर पडते आणि खालून गार हवा आत येते, विजेशिवाय. लंडनच्या एखाद्या जुन्या घरात राहायचा योग आला तर हे नक्की करून बघा. वरची चौकट हलली नाही तर धसमुसळेपणा करू नका. बहुधा ती रंगाच्या थरांनी चिकटलेली असते. पातळ पात्याने कडेचा रंग कापा, आणि तरीही जमलं नाही तर खिडकी बदलायला काढण्याआधी सुतार बोलवा. दोरी बदलली की ती पुन्हा चालते.