कढईपाशी उभं राहून

उपनगरात नूडल्स कुठे खायचे असं मला कुणी विचारलं, तर जागेचं नाव सांगण्याआधी मी वेळ सांगते. संध्याकाळी साडेसात. त्याआधी गेलात तर कढई नीट तापलेली नसते, आणि फार उशिरा गेलात तर सकाळी आणलेली भाजी संपत आलेली असते. साडेसातला ऑफिसं सुटलेली असतात, क्लासची मुलं बाहेर पडलेली असतात, आणि गाडीवाल्याच्या हाताला लय आलेली असते.

माझं घर मुलुंडला, नोकरी मरोळला. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, आणि चौथं स्टेशन मरोळ नाका. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली. त्याआधी याच अंतरासाठी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बसमध्ये उभ्याने जीव मेटाकुटीला यायचा. घरी पोचून पोळ्या लाटायच्या एवढीच संध्याकाळ उरायची. मेट्रोने वेळ वाचला आणि मी रस्त्यात थांबायला लागले. मी चायनीजच्या गाडीवर खायला शिकले ते वयाच्या चाळिशीनंतर. तोवर ती गाडी म्हणजे पोरांनी मित्रांबरोबर चोरून जायची जागा, असं आमच्या घरात मानलं जायचं.

मरोळला कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर एका बंद शटरसमोर मी थांबते ती गाडी लागते. लाल पत्रा, त्यावर पिवळा ड्रॅगन, पुढे काचेच्या खणात कोबी, गाजर, ढोबळी मिरची आणि उकडलेल्या नूडल्सचा ढीग. गिऱ्हाईक कोण? एक्स्पोर्टच्या कपड्यांना बटणं लावणाऱ्या बायका, कुरियरची मुलं, रात्रपाळीला निघालेले वॉचमन, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली कॉम्प्युटरवाली पोरं. मेन्यूकार्ड मागायची पद्धत नाही. ‘दादा, एक हाफ हक्का, तिखा ज्यादा’ एवढंच. भट्टी पूर्ण सोडलेली असली की तेही ऐकू येत नाही, मग बोटांनी सांगायचं. माझ्या मते ओळखीची सगळ्यात पक्की खूण हीच. जिथे मेन्यूकार्डाकडे कुणी बघत नाही, तिथे रोजची माणसं खातात.

शनिवारी अर्धा दिवस असतो तेव्हा मी लवकर पोचायचे आणि तयारी बघत बसायचे. आचारी दार्जिलिंगकडचा, मालक मराठी. ही जोडी उपनगरांत फार ठिकाणी दिसते. नूडल्स दुपारीच उकडतात. पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल, आणि पूर्ण शिजू द्यायचे नाहीत, मध्ये बारीकसा कण राहिला पाहिजे. चाळणीत उपसायचे, वर गार पाणी ओतायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि मोठ्या परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचे. ओले राहिले तर कढईत त्यांचा लगदा होतो. संध्याकाळी जी कमाल दिसते, कढई उचलून नूडल्स हवेत उडवायची, ती या दुपारच्या कोरडेपणावर उभी असते. आच इतकी मोठी की कोबी दोन मिनिटांत होतो आणि तरी दाताखाली कुरकुरतो. घरच्या गॅसवर हे जमत नाही. मी अनेकदा करून पाहिलं. भाजीला पाणी सुटतंच.

हे जेवण इथवर आलं कसं, याचा रस्ता लांब आहे. अठराव्या शतकाच्या शेवटाला कोलकात्याजवळ टाँग अच्यू नावाचा चिनी माणूस साखरेच्या कारखान्यासाठी येऊन राहिला. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. मागून हक्का लोक आले, त्यांनी टांगऱ्यात कातडी कमावण्याचे कारखाने काढले आणि पुढे खाणावळीही. आपल्या गाडीवरचे ‘हक्का’ नूडल्स त्यांच्याकडून आले. मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावला १९१९ सालचं सी यिप कून हे त्यांचं देऊळ अजून उभं आहे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईत आले आणि १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी चिकन मंच्युरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलं वाटण, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. चर्चगेटच्या क्लबातला तो पदार्थ लोकलच्या एकेका स्टेशनावर उतरत गेला. चायनीज भेळ आणि ट्रिपल शेजवान तर मुंबईच्या रस्त्यावर वाढलेले पदार्थ. तळलेल्या नूडल्सवर कच्चा कांदा-कोबी आणि लाल चटणी टाकून ते कागदी द्रोणात द्यायचे, ही कल्पना भेळ खाणाऱ्या शहरालाच सुचणार.

घाटकोपरला मेट्रो बदलताना कधी पूर्वेला उतरलं की वल्लभबाग लेन. इथली खाऊगल्ली प्रसिद्ध आहे ती चीज घातलेल्या नाना तऱ्हेच्या डोशांसाठी, पण मला तिथलं जैन चायनीज फार आवडतं. कांदा नाही, लसूण नाही, आलंही नाही. मग राहिलं काय, असं वाटेल. राहते आच, मिरपूड, व्हिनेगर, कोबी आणि ढोबळी मिरची. हाताशी एवढंच असलेला आचारी चव आणतो ती भाजी किंचित करपवून, आणि ती चव लसणाच्या गाडीवर कधी मिळत नाही. पर्युषणात हिरवी भाजीही बाजूला होते आणि काही गाड्या त्या दिवसांत लागतच नाहीत. गिऱ्हाइकाच्या व्रताप्रमाणे एक चिनी नावाचा पदार्थ स्वतःला बदलतो, हे मला विलक्षण वाटतं.

उलट बाजू बोरिवलीला पाहिली. माझी आत्या तिथे पूर्वेला राहते. श्रावण लागण्याआधीच्या शनिवार-रविवारी तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गाडीवर लॉलीपॉपसाठी रांग लागते. गटारी म्हटलं की कोंबडी आलीच. दुसऱ्या आठवड्यात त्याच गाडीवर त्याच माणसांच्या हातात व्हेज मंच्युरियन असतं आणि मालकाने लाल मसाल्यातली कोंबडी महिनाभरासाठी कमी आणलेली असते. आत्या सत्तरी ओलांडलेली, मंगळवार-गुरुवार पाळणारी. तिला मनचाव सूप आवडतं. वर टाकलेले कुरकुरीत नूडल्स मऊ व्हायच्या आत ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ते संपवते आणि म्हणते, ‘अगं, ही आपली कढीच गं, थोडी चिनी.’ तिला संध्याकाळी एकटीने बसता येईल अशा फार जागा बोरिवलीत नाहीत. मंदिराचा कट्टा आहे, आणि ही गाडी आहे. गाडीवरची पोरं तिला ‘आजी’ म्हणतात आणि तिच्या सुपात तिखट कमी घालतात.

आता मुलुंडबद्दल, कारण सांगण्यासारखं खरं तिथेच आहे. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. आमच्या घरात नूडल्स नवे नव्हतेच, फक्त त्यांना कुणी नूडल्स म्हणत नव्हतं. आई शिरवाळे करायची. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे पुन्हा उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि चटका बसेल इतके गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. एकट्या बाईचं काम नव्हे ते. एकाने दांडा दाबायचा, दुसऱ्याने खाली पडणाऱ्या शेवया ताटलीत गोल फिरवून घ्यायच्या. वर नारळाचा रस, त्यात गूळ आणि वेलची. मुंबईच्या खोलीत साचा ठेवायला जागा नव्हती, तरी आईने तो माळ्यावर जपला.

आणि याच आईच्या मसाल्याच्या डब्यात तिरफळ असायचं. बांगड्याच्या तिखल्यात पडणारं, जिभेला झिणझिण्या आणणारं. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या ज्या मिऱ्यामुळे तिथलं जेवण ओळखलं जातं, ते मिरं आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली. आपण ज्याला शेजवान म्हणतो, त्या प्रांताची ती खरी चव. गाडीवरच्या लाल चटणीत मात्र सुकी मिरची, लसूण आणि तेल असतं, झिणझिणी नसते. हे कळल्यावर मी घरी चटणी करताना तिरफळाची बी काढून टाकली, टरफलं भाजून कुटली आणि चिमूटभर घातली. मग एका बाटलीत भरून मुलुंड पश्चिमेच्या पाच रस्त्याजवळच्या माझ्या नेहमीच्या गाडीवर नेऊन दिली. मालक भांडुपचा, तोही मालवणी. त्याने चमचा तोंडात घातला, जरा थांबला आणि म्हणाला, ‘ह्या तर आवशीच्या हातच्या तिखल्यासारख्या लागता.’ तेव्हापासून मी गेले की माझ्या हाफ प्लेटमध्ये ती चटणी पडते. बाकीच्यांना तो देत नाही, कारण तिरफळ महाग आणि मुंबईत चांगलं मिळत नाही. मालवणी जत्रांच्या दिवसांत मात्र मी मुद्दाम जास्त घेऊन ठेवते, अर्धं त्याचं.

नूडल्सच्या गाडीला दुसऱ्या एका देशाने कसं वागवलं, तेही पाहू. थायलंडमध्ये कालव्यांतून होड्या फिरायच्या आणि त्या होडीतच एक माणूस चूल, रस्सा, नूडल्स, वाट्या सगळं मांडून बसायचा. होडी हलते म्हणून वाट्या लहान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या फिबुन सरकारने लोकांनी नूडल्स खावेत म्हणून प्रचार केला, गाड्यांनाही प्रोत्साहन दिलं. चिनी स्थलांतरितांचा पदार्थ त्या देशाने उघडपणे आपला म्हटला. आज जगभर पॅड थाय खाल्लं जातं त्यामागे हेही आहे. आपल्याकडे चिनी स्थलांतरितांचाच पदार्थ आला, आपलं वाटण लेऊन मराठी-गुजराती-मालवणी झाला, हजारो घरं त्यावर चालली. पण त्याला आपला म्हणायला आपण अजून तयार नाही. गाडी म्हटलं की घाण, अजिनोमोटो, रंग, एवढंच बोललं जातं.

त्यातलं खरं किती, हे मी कढईपाशी उभी राहून बघितलं आहे. अजिनोमोटो म्हणजे १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या रश्शातून शोधलेल्या चवीचं मीठ. आपल्याकडे ते कायद्याने ठरलेल्या नियमांत वापरता येतं. त्याच्यापेक्षा मला काळजी तेलाची आणि रंगाची वाटते. तळणीचं तेल किती वेळा तापवायचं याला मर्यादा आहे. त्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८पासून आहे. गिऱ्हाइकाला यंत्र लागत नाही. तेल काळं, फेसाळ आणि दाट दिसलं की त्या दिवशी लॉलीपॉप आणि मंच्युरियन नको, कढईतले नूडल्स घ्यावेत. लॉलीपॉपचा रंग बोटाला लागून धुतल्यावरही जात नसेल तर मालकाला स्पष्ट सांगावं. मी सांगते. दोन ठिकाणी रंग कमी झालेला मी पाहिला आहे.

पाण्याचा दोष मात्र गाडीवाल्याचा नाही. त्याला नळ नाही. तो जवळच्या इमारतीतून पैसे देऊन पिंपं भरतो आणि त्यातच प्लेटा धुतो. उघड्या गटारात पाणी ओततो, कारण दुसरी जागा नाही. २०१४चा पथविक्रेता कायदा सांगतो की पाहणी व्हावी, प्रमाणपत्रं मिळावीत, विक्रीच्या जागा ठरवाव्यात. कायदा होऊन दहा वर्षं उलटली, तरी माझ्या ओळखीतल्या या गाड्या आजही रस्त्यावर कारवाईची गाडी दिसली की कढई गरम असतानाच ढकलत गल्लीत पळतात. उकळतं तेल घेऊन पळणारा माणूस मी पाहिला आहे. तो पाहिल्यावर ‘बेकायदा’ हा शब्द तोंडातून निघत नाही.

आणि रस्त्यावरच्या खाण्याची नीट सोय करणं जमण्यासारखं आहे. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाऊगल्लीला २०१८ साली देशातली पहिली स्वच्छ खाऊगल्ली म्हणून केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दर्जा दिला. तिथेही गाड्याच आहेत. छोट्या गाडीवाल्याला त्याच प्राधिकरणाची नोंदणी कमी खर्चात करता येते. माझ्या पाच रस्त्याच्या मालकाने ती केली आहे आणि कागद काचेच्या खणात लावला आहे. त्याला जे हवं ते तो स्वतः करू शकत नाही. एक नळ, एक झाकलेलं गटार, आणि रोज उभं राहायला तीच सहा फूट जागा.

मुलुंडचा टी विभाग, घाटकोपरचा एन, अंधेरीचा के पूर्व, बोरिवलीचा आर मध्य, या चारही विभाग कार्यालयांकडे माझं एवढंच मागणं आहे. संध्याकाळी ज्या रस्त्यांवर या गाड्या लागतात तिथे पाण्याचा एकेक नळ द्या. आणि वाचकांनो, तुमच्या गल्लीतला गाडीवाला नोंदणीचा अर्ज भरायला अडला असेल तर त्याच्याबरोबर बसून तो भरून द्या. काम अर्ध्या तासाचं आहे.