तारप्याकडे पाठ फिरवायची नसते

१/
२५ जानेवारी २०२६ रोजी पद्म पुरस्कारांची घोषणा झाली. पद्मश्रीच्या यादीत एक नाव होते भिकल्या लाडक्या धिंडा. गाव वाळवंडा, तालुका जव्हार, जिल्हा पालघर. नव्वदी ओलांडलेल्या या वादकाने आयुष्यभर तारपा वाजवला. कलावंताच्या उत्कर्षाची कथा बहुधा कलावंतापाशीच सुरू होते आणि तिथेच संपते. हा धागा मात्र त्याच्या चाहत्यांचा आहे. तारप्याचा चाहता नेमका कोण, आणि वादकाचे नाव दूरवर पोहोचायला एवढा काळ का लागावा?

२/
आधी वाद्य समजून घेऊ. तारप्याचा मधला भाग म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा. त्याच्या वरच्या भोकातून फुंकायचे. खाली बांबूच्या दोन नळ्या, त्यांच्या तोंडाशी बांबूच्याच पातळ जिभा. नळ्यांच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहायचे, म्हणजे सूर तुटत नाही. यातली प्रत्येक वस्तू रानातली किंवा परसातली आहे, आणि प्रत्येक वस्तू नाशवंत आहे. भोपळा तडकतो, पान वाळून फाटते. म्हणून तारपा वारशाने मिळतो तो वस्तू म्हणून कमी आणि तो घडवणाऱ्या हातांतून अधिक. धिंडा यांचे घराणे पिढ्यानपिढ्या तारपा वाजवणारे. ते स्वतः तारपे घडवतातही.

३/
पाऊस ओसरू लागतो, भात पिकू लागते, आणि पाड्यांवर तारपा निघतो. वादक मध्यभागी. एकमेकांच्या कमरेला हात घालून बायका-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरते. घुंगरांची काठी घेतलेला म्होरक्या पुढे असतो. वादकाने सूर बदलला की पावले बदलतात, साखळीची दिशा बदलते. एक रीत कटाक्षाने पाळली जाते : नाचताना तारप्याकडे पाठ फिरवायची नाही. इथे बसून ऐकणारा श्रोता जवळजवळ नसतोच. ज्याला वादन आवडते तो उठून साखळीत शिरतो. चाहता असणे म्हणजे रात्रभर पावले टाकणे.

४/
या चाहतेपणात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे नोंद. साखळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते की मध्ये कोण वाजवतो आहे; ते लिहून ठेवावे असे कोणाला वाटावे कशासाठी? १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिलेल्या जव्हारच्या मुकणे घराण्याची वंशावळ इतिहासाने जपली. १९४८ साली हे संस्थान विलीन झाले, तेव्हाचे दस्तऐवजही आहेत. त्याच डोंगरांत शतकानुशतके तारपा वाजवणाऱ्यांची अशी यादी कोणाकडे आहे?

५/
नोंदीची किंमत कळण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जाऊ. शेतावर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांतून तिथे ब्लूज संगीत उमलले. मिसिसिपी जॉन हर्ट हा त्यांतलाच एक गिटारवादक. १९२८ साली ओके या कंपनीने त्याची काही गाणी ध्वनिमुद्रित केली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पुढच्याच वर्षी महामंदी कोसळली. हर्ट शेतीकडे परतला आणि जगाच्या विस्मृतीत गेला.

६/
पस्तीस वर्षांनी टॉम हॉस्किन्स नावाचा एक तरुण चाहता त्याच्या शोधात निघाला. हर्टच्या एका गाण्यात ॲव्हलॉन हे आपले गाव असल्याचा उल्लेख होता. तेवढाच धागा हाती. जुन्या नकाशात ते गाव सापडले, आणि १९६३ साली हॉस्किन्स तिथे पोहोचला. म्हातारा जिवंत होता, त्याची बोटेही. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो तरुणांनी त्याला डोक्यावर घेतले. १९६६ साली तो गेला. एका तबकडीने आणि एका वेड्या चाहत्याने त्याला अखेरची तीन वर्षे मानाची दिली.

७/
दुसरे उदाहरण याहून विलक्षण आहे. १९३० साली ध्वनिमुद्रण केलेला सन हाउस १९६४ मध्ये रॉचेस्टर शहरात सापडला, तेव्हा त्याने वादन सोडून बरीच वर्षे लोटली होती. जुनी गाणी हातातून गेली होती. ॲलन विल्सन या तरुण चाहत्याने तबकड्या ऐकून ती आत्मसात केली होती. त्याने गुरूसमोर बसून गुरूचेच संगीत गुरूला परत शिकवले. हाच विल्सन पुढे कॅन्ड हीट या ब्लूज रॉक वाद्यवृंदाचा गिटारवादक झाला आणि १९६९ साली वुडस्टॉकच्या रंगमंचावर उभा राहिला.

८/
या कथांना एक दुखरी बाजू आहे. मुळात हे संगीत शनिवारच्या रात्री गजबजलेल्या गुत्त्यांमध्ये नाचण्यासाठी होते. १९६३ पर्यंत कृष्णवर्णीय तरुणाई इतर संगीताकडे वळली होती. हर्टसमोर जे नवे चाहते बसले, त्यांतले बहुसंख्य गोरे, शहरी आणि शिकलेले होते. त्यांनी कलावंताला वाचवले, त्याचे नाव अमर केले. पण ते निश्चल बसून ऐकत होते. ज्या रिंगणासाठी ते संगीत जन्मले, ते रिंगण त्यांना परत आणता आले नाही.

९/
आता पुन्हा पालघरच्या डोंगरात येऊ. इथेही एक हॉस्किन्स येऊन गेला होता, पण चित्रांसाठी. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार. १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीला पाठवले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन हिंडले. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी जो चौक रेखाटत, ती कला कागदावर उतरू लागली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे जगभर गेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१०/
वारली चित्रांतला सर्वांत ओळखीचा देखावा कोणता? गोल फिरणारी साखळी आणि मध्ये तारपा वाजवणारा. हा वादक पिशव्यांवर, कपांवर, साड्यांवर, सरकारी भिंतींवर पोहोचला. त्याला चेहरा नव्हता, नाव नव्हते. चित्रकाराच्या पद्मश्रीनंतर तारपा वाजवणाऱ्या हाडामांसाच्या माणसाला तो मान मिळायला पंधरा वर्षे लागली. भिकल्या धिंडांचे नाव यादीत आले, तेव्हा त्या पांढऱ्या आकृतीला प्रथमच गाव, तालुका आणि बापाचे नाव मिळाले.

११/
मग अडचण संपली का? जव्हार-मोखाड्यात दिवाळी उलटली की पाडे रिकामे होऊ लागतात. भाताचे एकच पीक, त्यानंतर हाताला काम नाही. माणसे ठाणे, भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. याला इथे ‘जगायला जाणे’ म्हणतात. साखळीतले हात असे एकेक करून सुटतात. वादक एकटा तारपा फुंकू शकतो, पण रिंगणाशिवाय त्याचा सूर कोणाला वळवणार? आणि पोरे घरी नसतील तर भोपळा कसा वाळवायचा, जीभ किती पातळ तासायची, हे शिकणार कोण?

१२/
म्हणून या वाद्याला दोन्ही प्रकारचे चाहते लागतील. एक हॉस्किन्सच्या जातीचा. तो नाव, गाव, सूर टिपून ठेवील. हे काम आज खिशातल्या फोनवरही होते. फक्त चित्रफितीखाली ‘आदिवासी नृत्य’ एवढेच न लिहिता वादकाचे नाव आणि पाडा विचारून लिहायला हवा. दुसरा चाहता साखळीतला. त्याची जागा बाहेरचा कोणी भरू शकत नाही. ती भरायची तर माणसांना वर्षभर आपल्या गावात जगता आले पाहिजे. सन्मानपत्राने पहिले काम सुरू झाले आहे. दुसरे काम पाणी, शेती आणि रोजगार यांच्या हाती आहे. संगीताच्या इतिहासात या तीन शब्दांना सहसा स्थान मिळत नाही. तारप्याच्या इतिहासात ते द्यावे लागेल.