गुन्ह्यांची खानेसुमारी

आंकडा दिसला कीं सुशिक्षित माणूस वाद थांबवितो. शब्दाशीं हुज्जत घालतां येते. आंकड्याशीं कशी घालावी? देशांतील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली कीं आमच्या घरीं जेवणाच्या पंगतीस ठराविक चर्चा होते. थोरले काका म्हणतात, काळ फार वाईट आला. धाकटे चिरंजीव म्हणतात, अमक्या राज्यांत कायद्याचा धाक म्हणून उरला नाहीं. एकदां सूनबाईंनीं मध्येंच विचारलें, "पण हें सारें मोजतें तरी कोण, आणि कसें?" त्या पंगतींतला तो सर्वांत शहाणा प्रश्न होता. एरव्हीं तावातावानें बोलणारीं माणसें आमटीचा भुरका घेत गप्प राहिलीं. पुढें दोनचार महिने मीं सवडीनें ते अहवाल, त्यांच्या प्रस्तावना आणि ज्या कायद्यांवर त्यांची उभारणी झाली आहे ते कायदे वाचून काढले. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

शिरगणतीचा माणूस घरोघर हिंडतो आणि दार उघडेपर्यंत कडी वाजवितो. गुन्ह्यांची गणती करणारा मात्र कोणाच्याही दारीं जात नाहीं. तो पोलिसठाण्यांत बसलेला असतो. जो आपण होऊन तेथवर येईल आणि ज्याचें म्हणणें लिहून घेण्याजोगें ठरेल, तेवढ्याचीच नोंद त्याच्या वहींत होते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली म्हणजे ती लिहून घेऊन वाचून दाखवावी, फिर्यादीची सही घ्यावी व एक प्रत त्यास विनामूल्य द्यावी, असा दंडक आहे. ३० जून २०२४ पर्यंत तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ व्या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमांत आहे. ठाण्यांतून ही नोंद जिल्ह्यास जाते व जिल्ह्यांतून राज्यास. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर पुण्यास, राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे. तेथून ती दिल्लीस, १९८६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे पोंचते. अहवालाची परंपरा त्याहून जुनी आहे. पहिला खंड १९५३ सालच्या गुन्ह्यांचा होता. छापील पानावरील सात आंकडी संख्या पाहून आपण थक्क होतों. पण तिचा उगम कोठें तरी एका टेबलाशीं, अर्ध्यावर शाई संपलेल्या पेनानें लिहिलेल्या चार ओळींत असतो, हें ध्यानीं राहत नाहीं.

आतां 'लिहून घेण्याजोगें' काय, हें कोण ठरवितें? पहिली वाटणी कायद्यानेंच केली आहे. दखलपात्र गुन्ह्यांत पोलिसांस न्यायाधीशाच्या हुकुमावांचून तपास करतां येतो. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद वेगळ्या वहींत होते, आणि वार्षिक अहवालांतील मुख्य बेरीज दखलपात्र गुन्ह्यांचीच असते. ही वाटणी कोठें कोठें मोठी मौजेची आहे. कोणीं कोणाच्या श्रीमुखांत भडकावली तर ती साधी दुखापत, म्हणून अदखलपात्र. त्याच चपराकेनें दांत पडला तर ती जबर दुखापत, आणि ती दखलपात्र. जबर दुखापतीचे आठ प्रकार १८६० च्या दंड संहितेनें सांगितले होते. त्यांतील आठव्यांत, वीस दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा नित्याचीं कामें करतां आलीं नाहींत तर, अशी एक अट होती. नव्या न्याय संहितेनें त्या विसाचे पंधरा केले. दुखणें तेंच, माणूस तोच. परंतु सोळाव्या दिवशींही अंथरुणावर असलेल्या मनुष्याची दुखापत आज ज्या वर्गांत बसते, त्या वर्गांत ती २०२४ च्या मे महिन्यांत बसली नसती.

चोरीचेंही असेंच. पांच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी १ जुलै २०२४ पासून अदखलपात्र झाली आहे. उलट, गळ्यांतील साखळी हिसकावून पळणें हा प्रकार त्याच दिवशीं स्वतंत्र गुन्हा म्हणून प्रथमच संहितेंत आला. तत्पूर्वीं त्यास कोठें चोरी म्हणत, कोठें जबरी चोरी. तेव्हां पुढील वर्षांत चोऱ्यांच्या तक्त्यांत चढउतार दिसला तर चोरांची नीति सुधारली किंवा बिघडली असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं दोन्ही संहिता शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या लागतील. दरोडा आणि जबरी चोरी यांतील भेद तर केवळ डोक्यांच्या संख्येचा आहे. चौघांनीं लुटलें तर जबरी चोरी. पांचवा आला कीं दरोडा.

कायद्यानंतरची दुसरी चाळणी ठाणे अंमलदाराच्या हातांत असते. आमच्या आत्याबाईंच्या पिशवींतून एस. टी. स्थानकावरील गर्दींत सोन्याच्या दोन पाटल्या गेल्या. ठाण्यांत त्यांस विचारण्यांत आलें, "काढतांना कोणाला पाहिलें का?" त्यांनीं खरें तें सांगितलें, कीं पाहिलें नाहीं. "मग चोरी कशावरून? गहाळ लिहूं." आत्याबाई जुन्या काळच्या शिक्षिका. त्या म्हणाल्या, "गहाळ होते ती छत्री. पिशवी खालून कापलेली आहे, ती काय पाटल्यांनीं कापली?" दोन तास बसून शेवटीं त्या गहाळ झाल्याचाच दाखला घेऊन घरीं आल्या. त्या वर्षाच्या चोऱ्यांत त्यांची चोरी नाहीं. त्या अंमलदारास मीं दुष्ट म्हणणार नाहीं. ज्या ठाण्याची वही भरलेली त्या ठाण्याचा अधिकारी नालायक, असें वरिष्ठ, विधिमंडळ आणि आपण वर्तमानपत्र वाचणारे, सारेच समजत असूं, तर वही कोरी ठेवण्याचा मोह कोणास होणार नाहीं? गुन्ह्यांत वाढ होणें आणि गुन्ह्यांच्या नोंदींत वाढ होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा इषारा नोंदणी विभाग आपल्या अहवालांत स्वतःच देतो. पण प्रस्तावना कोण वाचतो!

वहींत आलेल्या गुन्ह्यांनाही एक नियम लागतो, त्यास 'मुख्य गुन्ह्याचा नियम' म्हणतां येईल. एका खबरींत अनेक गुन्हे असले तर ज्यास सर्वांत कडक शिक्षा सांगितली आहे तेवढाच मोजावयाचा. रात्रीं घर फोडून शिरले, कपाट लुटलें, जागा झालेल्या म्हाताऱ्यास ठार केलें, तर तक्त्यांत एक खून. घरफोडी आणि लूट त्या खुनाच्या पोटांत गडप. मोठ्या माशानें लहान मासे गिळावे, तसा हा आंकड्यांतला मत्स्यन्याय आहे. एकच प्रसंग चारदां मोजला जाऊं नये हा त्यामागील हेतु योग्यच आहे. परंतु यामुळें लहान गुन्ह्यांचे आंकडे प्रत्यक्षाहून नेहमीं कमीच भरणार, हेंही तितकेंच खरें.

अशा रीतीनें सिद्ध झालेली बेरीज वाचावी कशी, याचीं दोन उदाहरणें देतों. २०१९ सालीं देशांत ५१,५६,१५८ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. २०२० सालीं ६६,०१,२८५. म्हणजे एका वर्षांत २८ टक्के वाढ! परंतु तें वर्ष करोनाच्या टाळेबंदीचें. सरकारी हुकूम मोडल्याबद्दलचे, १८८ व्या कलमाखालील गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले. लोक घरांत कोंडलेले, त्यामुळें चोऱ्या उलट घटल्या. दुसरें उदाहरण गंभीर आहे. बलात्काराचे २०१२ सालीं २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, तर २०१३ सालीं ३३,७०७. दरम्यान दिल्लींतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष प्रकारानें देश हादरला होता. २०१३ च्या दुरुस्तीनें गुन्ह्याची व्याख्या विस्तृत झाली; अशी खबर लिहून न घेणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षेची तरतूद झाली; आणि त्याच वर्षीं १२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानें दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणें बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. पुरुष एका वर्षांत तिपटीनें पशु झाले नाहींत, कीं सवाईनेंही नाहीं. बोलणाऱ्या स्त्रिया वाढल्या आणि त्यांस परत पाठविणें अवघड झालें, हाच त्या वाढीचा मुख्य अर्थ असावा असें मला वाटतें. केरळांत दर लाख वस्तीमागें नोंदलेले गुन्हे बिहारपेक्षां कितीतरी अधिक असतात, तें वाचून केरळच्या माणसांस दुष्ट ठरविण्यापूर्वींही हाच विचार मनांत आणावा.

खुनाचा आंकडा त्यांतल्या त्यांत विश्वासार्ह, कारण प्रेत लपविणें सोपें नसतें. २०२२ सालीं देशांत २८,५२२ खून नोंदले गेले. पण प्रेतासही वर्ग लागतो. आमच्या लहानपणीं 'स्टोव्हचा भडका होऊन विवाहिता भाजली' ही बातमी आठवड्यास एक येई, आणि अकस्मात मृत्यूच्या वहींत तिची नोंद होऊन विषय संपे. स्टोव्ह घराघरांत होते; ते तरुण सुनांनाच नेमके कसे ओळखत, हें कोणी विचारीत नसे. १९८६ सालीं हुंडाबळी हा शब्द कायद्यांत आला. विवाहानंतर सात वर्षांच्या आंत असा मृत्यू झाला आणि त्याआधीं हुंड्यासाठीं छळ झाला होता असें दिसलें तर पति व सासरची माणसें जबाबदार धरलीं जाऊं लागलीं, तेव्हां कोठें त्या मरणांना तक्त्यांत स्वतःचा रकाना मिळाला.

येथवर ठाणें आणि कायदा यांविषयीं झालें. परंतु त्या दोहोंच्या अलीकडे आणखी एक चाळणी आहे, आणि ती आपल्या हातची आहे. ओळखीच्या एका सुशिक्षित घरांतली मुलगी तिसऱ्यांदा माहेरीं निघून आली, तेव्हां तिच्या वडीलधाऱ्यांनीं मलाही बैठकीस बोलाविलें होतें. तेथें आठ प्रौढ माणसें दीड तास एकाच मुद्द्यावर बोलत होतीं: जांवयानें 'मारलें' म्हणावें, कीं 'हात उगारला' म्हणावें. एक मामा म्हणाले, तो जरा तापट आहे इतकेंच. काकूंनीं 'रागाच्या भरांत' हा शब्द सुचविला आणि तो सर्वांस पसंत पडला. मुलगी आंतल्या खोलींत होती. तिला कोणी शब्द विचारला नाहीं. दंड संहितेच्या कर्त्यांनींही वर्गीकरणाचा एवढा कीस काढला नसेल.

आणि येथें कायदा आपल्याकडेच बोट दाखवितो. पति किंवा त्याचे नातलग यांनीं केलेल्या क्रूर वागणुकीचा गुन्हा १९८३ सालीं संहितेंत आला, आतां तो न्याय संहितेच्या ८५ व्या कलमांत आहे. तो दखलपात्र केव्हां? खबर त्या पीडित स्त्रीनें स्वतः दिली, किंवा रक्ताच्या, विवाहाच्या अथवा दत्तकाच्या नात्यानें तिच्याशीं बांधलेल्या माणसानें दिली तर; असें कोणी नातलगच नसेल तेव्हां कोठें नेमून दिलेला सरकारी अधिकारी. शेजाऱ्यानें भिंतीपलीकडून रोज रडणें ऐकलें तरी त्याच्या सांगण्यावरून या कलमाची वही उघडत नाहीं. २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत घरोघर जाऊन, एकांतांत प्रश्न विचारले गेले. १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांपैकीं सुमारें २९ टक्के जणींनीं पतीकडून कधीं ना कधीं शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचें सांगितलें. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के, आणि त्यांतल्याही बहुतेकजणी आपल्या माणसांकडेच गेल्या. २०२२ सालीं या कलमाखालीं देशभरांत नोंदलेले गुन्हे १,४०,०१९. ही संख्या मोठी वाटते. पण कोट्यवधि घरांच्या देशांत त्या २९ टक्क्यांपुढें तिला धरून पाहावें.

ती मुलगी पुढें परत सासरीं गेली, आणि चौथ्यांदा आली ती माहेरीं न येतां थेट मावशीकडे. मावशी तिला घेऊन ठाण्यांत गेली. तेथें विचारलेल्या प्रश्नांना तिनें दिलेल्या उत्तरांत 'रागाच्या भरांत' हा शब्द नव्हता. तारखा होत्या, आणि एका तारखेस दांत पडल्याचें डॉक्टराचें प्रमाणपत्र होतें. बैठकींतील मामा दोन महिने मावशीशीं बोलत नव्हते. हें २०२२ सालींच घडलें. तेव्हां वरील आंकड्यांतील शेवटचा एक तिचा धरावयास हरकत नाहीं. खटला अजून चालू आहे.