ऐन राखा, दिवा विझवा

मोठे पतंग बघायचे म्हटलं की आधी दिवा आठवतो. पावसाच्या तोंडाशी अंगणात दोरीवर पांढरी चादर टाकायची, समोर झगझगीत बल्ब लावायचा आणि वाट बघायची, ही रीत अभ्यासकांचीही आहे. तरी माझं मत असं की दिव्याने पतंग परड्यात येतात, पण परड्याचे होत नाहीत. उडणारे किडे आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण रात्री आभाळाची बाजू त्यांना त्यावरूनच कळते. बल्ब जवळ आला की ते त्याच्याकडे पाठ कलती करून घिरट्या घालत राहतात, असं २०२४ साली वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे पतंग दिव्यापाशी अडकून पडतो. ॲटलास, चांद्र पतंग, टसर या थोरल्या मंडळींना तर हे मुळीच परवडत नाही. पंख फुटल्यावर त्यांना खाता येत नाही. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर जेमतेम आठवडाभर जगायचं. तेवढ्यात नराने पिसासारख्या मिशांनी मादीचा गंध हुंगत तिला गाठायचं आणि तिने अंडी घालायची. गुळाचं पाणी किंवा पिकलं केळं ठेवून हे पतंग येत नाहीत ते खाता येत नसल्यामुळेच.

त्यांना हवं असतं अळीचं झाड. रत्नागिरीत ते आणायला लांब जावं लागत नाही: टसरला ऐन, चांद्र पतंगाला शेमट, ॲटलासला दालचिनी. कण्हेर आणि तगरीवर हिरव्या नक्षीचा कण्हेरी पतंग वाढतो. झाडाखाली जाडजूड, खाचा असलेल्या लेंड्या पडलेल्या दिसल्या की वर अळी आहे, हे बॅटरीशिवायही समजतं. अळ्या झाड खातील ही भीती लोक बोलून दाखवतात. खातात खऱ्या, पण धडधाकट ऐन चार फांद्यांची पानं गेली म्हणून मरत नाही. फळांना भोकं पाडणारे पतंगही असतात आणि त्यांच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ज्याची लिंबू-मोसंबी आहे त्याने बागेलगत गुळवेल चढवू नये. त्या पतंगांचा दोष बिनतोंडाच्या टसरवर घालण्यात अर्थ नाही.

चादर लावूच नये असंही नाही. तासभर बघावं, फोटो काढावेत, मग दिवा बंद करावा. खरं नुकसान मला दिसतं ते कवळ तोडण्यात. भातरोपांची जागा (तरवा) भाजायला, म्हणजे भाजावळीसाठी, ऐन-किंजळीचे टाहाळ तोडले जातात तेव्हा टसरचा कोश अंड्याएवढा, कडक, फांदीला रेशमी देठाने कडं घालून लटकलेला असतो. आतला जीव पावसाची वाट बघत असतो. तरव्यात कवळ पेटवण्याआधी फांद्या एकदा चाळा, आणि कोश दिसला तर तेवढी डहाळी गडग्याजवळच्या झाडाला बांधून ठेवा.