पंधरा इंचांचा उंबरठा

न्यू जर्सीतील एडिसन येथे १९६२ साली बांधलेल्या एका बेताच्या घरात सांगलीकडील एक जैन कुटुंब गेली ११ वर्षे राहत आहे. मुलगा, सून, १२ वर्षांची नात, आणि अण्णांच्या निधनानंतर ३ वर्षांपूर्वी तिकडे राहावयास गेलेल्या आक्का. आक्कांचे वय ७८. घरात पूर्ण न्हाणीघर एकच, तेही ५ फूट रुंद आणि ८ फूट लांब. त्याची एक संपूर्ण बाजू भिंतीपासून भिंतीपर्यंत एका फिकट गुलाबी बाथटबने व्यापलेली होती. वर भिंतीतून आलेला शॉवर, समोर प्लॅस्टिकचा पडदा. स्नान करावयाचे तर टबची १५ इंच उंचीची कड ओलांडून आत उतरावयाचे, एवढीच सोय.

आक्कांनी या व्यवस्थेशी आपल्या परीने तडजोड केली होती. टबात रबरी चटई अंथरायची, तिच्यावर बादली ठेवायची आणि तांब्याने स्नान करावयाचे. गावाकडे विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळून, गाळणीवरील जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडण्याची, म्हणजे जिवाणी करण्याची, शिस्त त्यांनी लहानपणापासून पाळली होती. ज्या पाण्यातच जीव आहे ते मोजून वापरावे, ही गोष्ट त्यांना कोणी शिकवावी लागली नव्हती. नातीने एकदा गंमत म्हणून शॉवरखाली आज्जीची १८ लिटरची बादली धरली. जुन्या काळचा तो शॉवर. बादली मिनिटाभरात भरली. आज्जीचे सारे स्नान तेवढ्या पाण्यात होते आणि आपण १० मिनिटे त्याच शॉवरखाली उभ्या असतो, हा हिशेब त्या मुलीने मनातल्या मनात केला. ती बोलली काहीच नाही. मात्र त्या दिवसापासून तिचे स्नान लवकर आटोपू लागले.

टब ओतीव लोखंडाचा होता. अशा टबवर काचेच्या पुडीचा थर भट्टीत वितळवून बसवलेला असतो. त्यालाच इनॅमल म्हणतात. हा थर कठीण खरा, परंतु खरखरीत पूड आणि आम्लयुक्त द्रावणे यांचा मारा ६० वर्षे सोसल्यावर त्याचेही तेज जाते. तळ करडा आणि खडबडीत झाला होता. कितीही घासला तरी मळका दिसे. गळक्या नळाखाली तांबूस ओघळ उमटला होता. निचऱ्याच्या जाळीपाशी टिकलीएवढा टवका उडून आतील लोखंड गंजू लागले होते.

मुलाने ठरविले की, टब न काढता त्यावर नवा लेप चढवून घ्यावा. त्याची कारणे वाजवी होती. लेपाचे काम एका दिवसात आणि काहीशे डॉलरांत होते; टब काढून नवी रचना करावयाची तर खर्च १० हजारांच्या पुढे जातो. टब नसलेले घर विकताना अडचण येते, असे घरांच्या व्यवहारातील एका परिचिताने त्याला सांगितले होते. शिवाय धडधाकट वस्तू केवळ जुनी दिसते म्हणून फेकणे हे अपरिग्रहाला धरून नाही, असेही त्याचे म्हणणे होते. त्यात खोटे काही नव्हते. आक्कांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं काय हाय त्यात? चालतंय की हायसं. उगंच पैसा घालवू नगा."

चौकशीचे काम सुनेकडे आले. जुना लेप खरवडून काढण्यासाठी काही ठिकाणी मेथिलीन क्लोराइड नावाचे द्रावण वापरीत, हे तिला तेव्हा कळले. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टबात साचते आणि कारागीर त्याच टबात वाकून काम करीत असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २००० ते २०११ या काळात टबचे नूतनीकरण करणारे १३ कामगार या द्रावणामुळे मृत्युमुखी पडले. पुढे २०२४ साली तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच्या बहुतेक उपयोगांवर बंदी घातली. आपल्या टबच्या चकाकीसाठी कोणाचा श्वास कोंडता कामा नये, म्हणून तिने आलेल्या कारागिराला पहिलाच प्रश्न याविषयी विचारला. तो प्रामाणिक होता. आपण ते द्रावण वापरीत नाही, मुखवटा लावून आणि पंखा बाहेर सोडून काम करतो, असे त्याने सांगितले. मग जाता जाता तो म्हणाला, "एक लक्षात ठेवा. नव्या लेपावर ही रबरी चटई चालणार नाही. तिच्या चिकटणाऱ्या वाट्या लेप उपटून काढतात."

चटई नाही, तर आत्या उभ्या कशा राहणार? सून पुन्हा न्हाणीघरात गेली आणि प्रथमच ती जागा तिने सासूच्या पायांनी पाहिली. टबच्या कडेला धरण्यासारखे काहीच नव्हते. होती ती फक्त टॉवेलाची दांडी. तिने दांडीला हात लावला, तो ती हलली. खिळ्यांभोवतीचा गिलावा भुगा होऊन सुटला होता आणि दांडी मध्यभागी खाली वाकली होती. टॉवेलाच्या भाराने दांडी वाकत नाही.

रात्री नातीने उरलेली हकिगत सांगितली. "आज्जी आधी कडेवर बसते. मग डोळे मिटून णमोकार म्हणते. मग एक पाय आत टाकते. मला वाटायचं, तो तिचा नेमच आहे."

दुसऱ्या दिवशी सून आक्कांजवळ जाऊन बसली. "आत्या, खरं सांगा. तुम्ही पडला होतात का?"

आक्का बराच वेळ जपमाळेच्या गोंड्याशी चाळा करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "फाल्गुनातल्या अष्टान्हिकेत. गुडघ्याला लागलं हुतं थोडं. तुमास्नी सांगितलं असतं, तर रजा काढून बसला असता दोघं."

एवढ्यावर संपले नव्हते. त्या पडल्यापासून ज्या दिवशी धीर होत नसे, त्या दिवशी आक्का स्नानच करीत नसत. हातपाय धुऊन, ओल्या कापडाने अंग पुसून त्या बाहेर येत. आणि स्नानाविना भगवंताच्या प्रतिमेला स्पर्श करावयाचा नाही, म्हणून देवघरापासून चार हात दूर बसून मनोमन पूजा करीत. घरातील सर्वांना वाटे, वय झाले, आक्का आता पूजेच्या वेळी दूरच्या खुर्चीवर बसतात. ज्या बाईने ६० वर्षे पूजेचा नेम चुकविला नाही, ती १५ इंचांच्या एका कडेमुळे आपल्या देवापासून दूर झाली होती. हे एकाच छपराखाली पाच महिने चालले होते आणि कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

मुलाला ही गोष्ट फार लागली. आईला त्याने कधी उणा शब्द बोलला नव्हता, तिच्या औषधांत, पथ्यात कसूर केली नव्हती. परंतु आपल्या आचार्यांनी हिंसेचे मूळ शस्त्रात नव्हे, प्रमादात सांगितले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. समोर असलेले न पाहणे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून आपण खाली पाहून चालतो. तीच नजर घरातल्या वृद्ध पावलांकडे वळली नाही, तर ती यतना अर्धीच राहते. आणि अपरिग्रहाचे नाव घेऊन आपण ज्या वेळी खर्च टाळतो, त्या वेळी त्या टाळण्याची किंमत कोण मोजीत आहे, हेही पाहिले पाहिजे. वस्तूचा लोभ सोडणे म्हणजे अपरिग्रह; माणसाची गैरसोय सोसू देणे नव्हे.

रोगनियंत्रण केंद्राच्याच आकडेवारीनुसार २००८ या एका वर्षात अमेरिकेत १५ वर्षांवरील सुमारे २ लाख ३४ हजार लोकांना न्हाणीघरात झालेल्या दुखापतींसाठी तातडीच्या उपचारकक्षात जावे लागले. त्यांतील दर पाच जणांपैकी चार जण पडलेले होते. तरीही न्हाणीघराचा विचार करताना बहुतेक घरांत फरशीचा रंग आधी ठरतो आणि हाताला आधार कोठे मिळेल, हे राहून जाते.

श्रावणात काम सुरू झाले. सव्वाशे किलोंहून जड असलेला टब त्या अरुंद दारातून अखंड निघणे शक्य नव्हते. कारागिरांनी डोळ्यांवर जाड चष्मे चढविले, टबवर जुनी घोंगडी टाकली आणि घणाने त्याचे तुकडे केले. ते लोखंड भंगारात गेले; तेथून ते वितळून पुन्हा कामास येते, हे कळल्यावर मुलाच्या मनातील उरलीसुरली टोचणी कमी झाली. टबमागील भिंत उघडली तेव्हा निराळेच दृश्य दिसले. नळाच्या जोडातून वर्षानुवर्षे पाणी झिरपून तळाचे लाकूड कुजले होते, गिलावा बुरशीने काळा पडला होता आणि त्या ओलीत बारीक किड्यांची वस्ती झाली होती. वरून नवा लेप चढविला असता, तर हे सारे त्या चकाकीखाली तसेच वाढत राहिले असते. सुनेने कारागिरांकडून अर्धा तास मागून घेतला. मायलेकींनी मऊ कुंच्याने ते किडे सुपलीत घेऊन परसातील झाडाखाली सोडले. कारागीर प्रथम हसले, मग त्यांतील एकाने स्वतः दिवा धरला.

टबच्या जागी भिंतीपासून भिंतीपर्यंत केवळ दीड इंच उंबरठ्याची शॉवरची जागा तयार झाली. टबची निचऱ्याची नळी दीड इंची होती. ती बदलून दोन इंची घातली. तळाला निचऱ्याकडे दर फुटामागे पाव इंच उतार दिला, खाली जलरोधक थर घातला आणि निचरा बुजवून २४ तास पाणी भरून ठेवून गळती तपासली. ते पाणी नातीने बादल्यांनी नेऊन गुलाबांना घातले. फरशी मुद्दाम लहान, खरखरीत तुकड्यांची घेतली, कारण जेवढे सांधे अधिक तेवढी पावलाला पकड अधिक. भिंत बंद करण्यापूर्वी आतील उभ्या वाशांमध्ये आडवे लाकूड ठोकून घेतले आणि त्यावर आधाराच्या दांड्या बसविल्या; नुसत्या गिलाव्यात बसविलेली दांडी ऐन वेळी हातात येते, हे त्या घराने पाहिलेच होते. हाती धरावयाचा नवा शॉवर मिनिटाला साडेसात लिटरांच्या आसपास पाणी देतो आणि बटण दाबले की थांबतो. गरम पाण्याचा चटका बसू नये, अशी तोटीही बसविली.

मात्र आक्कांनी एकच मागणी केली. "मला बादलीच बरी." म्हणून भिंतीलगत १८ इंच उंचीचे दगडी आसन बांधले आणि शेजारी तेवढ्याच उंचीचा एक लहान कट्टा, बादलीसाठी. आता बसल्याजागी, न वाकता, तांब्या बादलीपर्यंत पोचतो.

काम संपेपर्यंतचे १२ दिवस आक्का शेजारच्या गुजराती श्रावकांकडे स्नानाला जात असत. १३ व्या दिवशी सकाळी त्या घरच्या न्हाणीत गेल्या. दाराबाहेर सून उगीचच कपड्यांच्या घड्या घालीत उभी होती. आतून प्रथम पाण्याचा आवाज आला, मग णमोकार ऐकू आला. तो या वेळी सुरुवातीला नव्हता. तांब्यागणिक, स्नानभर चालला होता.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. दहाही दिवस आक्कांनी शुचिर्भूत होऊन प्रतिमेला स्वहस्ते प्रक्षाळ केला. क्षमावाणीच्या दिवशी मुलाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. वर्षभरातील जाणता-अजाणता घडलेल्या अपराधांची क्षमा मागताना 'अजाणता' या शब्दाशी त्याचा आवाज अडखळला. आक्कांनी त्याला उठविले. "मीबी मागतो रे बाळा," त्या म्हणाल्या. "पडल्यालं लपवलं, ते खोटंच की."

टॉवेलाची ती वाकलेली दांडी सुनेने अजून टाकलेली नाही. न्हाणीघराच्या कपाटात, वरच्या फळीवर, ती ठेवलेली आहे.