पोटमाळ्यावरचं खोकं

व्हायब्रेशनच्या व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "गाडीची स्प्रिंग मऊ हवी की कडक?" मी छातीठोकपणे सांगितलं, "मऊ, सर. आराम मिळतो." सर हसून म्हणाले, "आणि मागे चार माणसं नि सामान भरलं की?" माझी दांडी गुल! आमच्या विंगमध्ये त्या दिवशी सगळ्यांचेच असे विकेट पडले होते, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. पण या प्रश्नाचं उत्तर मला पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच मिळालं. तेही अण्णांच्या देखत तोंडावर आपटून. तीच गोष्ट सांगतो.

आमचं छोटं गॅरेज आहे कोल्हापूरला, उद्यमनगरात. अण्णांचं शिक्षण दहावीपर्यंत. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे एक डॉक्टर. त्यांच्याकडे १९८३ सालची मर्सिडीज ३०० टीडी आहे. पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे भलीमोठी डिकी. मर्सिडीजने १९७७ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी मांडली होती. कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात नियमित तयार होणारी ती पहिली स्टेशन वॅगन. डॉक्टर इंग्लंडमध्ये नोकरीला होते, परत येताना त्यांनी ती बोटीने आणली.

आता थोडं गणित, कंटाळू नका. गाडी आरामदायी वाटायची तर तिचं वर-खाली हलणं सेकंदाला साधारण एकदा हवं. सूत्रात घालून बघा, त्यासाठी स्प्रिंग गाडीच्या वजनाने २५ सेंमी दबलेली असावी लागते. आता मागे बोजा भरला आणि मागच्या स्प्रिंगांवरचं वजन एक तृतीयांशाने वाढलं, तर गाडी मागून आणखी ८ सेंमी खाली बसते! हेडलाइट आभाळाकडे, आणि खड्डा आला की बूड थेट बंपस्टॉपवर. मऊ ठेवावी तर गाडी बसते, कडक ठेवावी तर रिकाम्या गाडीत माणसाची हाडं खिळखिळी होतात. सरांना हेच ऐकायचं होतं.

या वॅगनमध्ये त्यावर उपाय केलेला आहे. मागच्या स्प्रिंगा मुद्दाम मऊ दिल्यात, त्या एकट्या सगळं वजन पेलत नाहीत. शॉकअपच्या जागी तेलाचे दोन स्ट्रट आहेत, उरलेलं वजन ते पेलतात. प्रत्येक स्ट्रट नळीने एका लोखंडी गोळ्याला जोडलेला असतो. गोळ्यात रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. दणका बसला की तेल गोळ्यात शिरतं आणि नायट्रोजन दबतो. इंजिनवरचा पंप तेल पुरवतो. मागच्या अँटीरोल बारला एका दांडीने व्हॉल्व जोडलेला असतो. गाडी मागून बसली की दांडी फिरते, व्हॉल्व उघडतो, तेल स्ट्रटमध्ये जातं आणि गाडी परत पहिल्या उंचीवर येते. सामान उतरवलं की जादा तेल टाकीत परत. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. गोळ्यांची मूळ युक्ती सित्रोएन या फ्रेंच कंपनीने १९५४ सालीच आपल्या गाडीच्या मागच्या चाकांना लावली होती.

तर डॉक्टरांच्या गाडीचे हे गोळे २००६ साली फुटले. म्हणजे आतला पडदा फाटला, नायट्रोजन निघून गेला, गोळ्यात नुसतं तेल राहिलं. तेल काही दबत नाही. गाडी बैलगाडी झाली. नवीन गोळे तेव्हा अण्णांना कुठेच मिळेनात, आणि डॉक्टरांना रोज दवाखान्यात जायचं होतं. अण्णांनी स्ट्रट, गोळे, व्हॉल्व सगळं काढलं, जाड तारेच्या स्प्रिंगा वळवून घेतल्या आणि साधे शॉकअप बसवले. गाडी कडक झाली, पण चालू राहिली. सतरा वर्षं चालली.

२०२३ मध्ये डॉक्टरांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ते अण्णांना म्हणाले, "पूर्वीसारखी होईल का हो ती? मला तीच गाडी हवी आहे." अण्णांची नजर आता अधू झालीय, जॅकखाली झोपणंही जमत नाही. मी सुट्टीवर होतो. मी म्हणालो, "मी करतो." वर हेही म्हणालो, "अण्णा, तेव्हा तुम्ही जुगाड केलात. एवढं सुंदर डिझाइन काढून टाकलंत." हे वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते.

अण्णा काहीच बोलले नाहीत. मला पोटमाळ्यावर पाठवलं. तिथे एक लाकडी खोकं होतं. आत दोन्ही स्ट्रट ग्रीस लावून मेणकापडात गुंडाळलेले, व्हॉल्वच्या प्रत्येक भोकाला बूच, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि प्रत्येक पिशवीवर अण्णांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी. गाडीचं बॉनेट उघडलं तर पंप जागेवरच! अण्णांनी त्याची नळी फिरवून परत टाकीलाच जोडली होती, म्हणजे पंप तेलात फिरत राहील, कोरडा पडून जाम होणार नाही. डॉक्टरांच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं, टाकीतलं तेल बघत जा. सतरा वर्षं तो ते बघत होता.

नवे गोळे जर्मनीत एम.एस. करणाऱ्या आपल्याच होस्टेलच्या एका सीनियरने पाठवले. (त्याने माझ्याकडून फक्त भडंगाची मोठी पिशवी मागितली!) मी सगळ्या सील बदलल्या, गंजलेल्या नळ्या नव्या केल्या, तेल भरलं, हवा काढली आणि ऐटीत अण्णांना शेजारी बसवून चक्कर मारायला निघालो. पहिल्याच स्पीडब्रेकरला दोघांचीही डोकी टपाला लागायची बाकी राहिली. गाडी आधीपेक्षा कडक!

दोन दिवस मी व्हॉल्वची दांडी कमी-जास्त करत बसलो. परत परत हवा काढली. काही फरक नाही. पाठवणाऱ्याला फोन करून म्हणालो, "गोळे खराब दिसतात." तिसऱ्या दिवशी अण्णा स्टूल घेऊन शेजारी येऊन बसले.

"मागं स्प्रिंगा कुठल्या हाईत?"

"तुम्ही घातलेल्या."

"त्या मी कशासाठी घातल्या व्हत्या?"

"सगळं वजन पेलायला."

"मग स्ट्रटला काय काम उरलं?"

मी तसाच फरशीवर बसलो. कडक स्प्रिंगा सगळं वजन घेत होत्या. गाडी उंच उभी, म्हणून व्हॉल्व तेल सोडून देत होता. तेलाला दाबच नाही. पलीकडे नायट्रोजनने मात्र पडदा गच्च दाबून धरलेला. दणका बसला की तेलाला गोळ्यात शिरायला जागाच मिळत नव्हती. पडदा शाबूत असूनही गोळा फुटल्यासारखाच वागत होता. सगळं मला येत होतं, कागदावर!

मूळच्या मऊ स्प्रिंगा पोटमाळ्यावरच होत्या, खोक्यामागे पोत्यात. चिठ्ठीसकट. खोक्यात मावत नव्हत्या म्हणून मागे ठेवलेल्या, आणि मी खोक्यापलीकडे बघितलंच नव्हतं.

त्या बसवल्या. इंजिन चालू केलं. डिकीत सिमेंटची चार पोती टाकली, म्हणजे २०० किलो. गाडी मागून बसली. मग हळूहळू, एखाद्या म्हशीने उठावं तशी ती उठली आणि मडगार्डला लावलेल्या टेपवर पहिल्या खुणेला येऊन थांबली. गॅरेजमधल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. अण्णांनी फक्त टेप वाकून बघितली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी पन्हाळ्यापर्यंत जाऊन आले. उतरताना गाडीला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. म्हणाले, "हीच ती."

मित्रांनो, मी ज्याला जुगाड म्हणालो, तो करणाऱ्याने परतीची वाट सतरा वर्षं जपून ठेवली होती. आपण सबमिशन झालं की जर्नलही रद्दीत घालतो. त्या संध्याकाळी मी हे सगळं अण्णांना बोलून दाखवायचं ठरवलं होतं. जमलं नाही. ते काढलेल्या कडक स्प्रिंगांना ग्रीस लावत बसले होते. मग मेणकापडात गुंडाळून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

"आता या कशाला ठेवायच्या, अण्णा?"

"असू दे. पुढं कुणाला तरी लागतील."

चिठ्ठी मीच लिहिली.

— अंतिम वर्ष, मेकॅनिकल