आधी ब्रेक, मग रंग

मुलांनो, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही पाहिली असेलच. प्रत्यक्षात नाही, तर निदान एखाद्या जुन्या सिनेमात तरी नक्की! गोल डोळ्यांसारखे दोन दिवे, मध्ये जाळी आणि दार लावलं की 'धाडकन्' आवाज. ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २००३ साली. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस या टॅक्सीनं मुंबईचा कायमचा निरोप घेतला.

ही गाडी मूळची इटलीची. तिथल्या फियाट कंपनीची '११००' नावाची. आपल्या सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट तयार होऊ लागली. १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळालं. पण नाव बदललं म्हणून लोक थोडेच ऐकतात? ते आपले शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले.

अशी एक फियाट कोल्हापुरात आमच्या घरी आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९८४ साली घेतली. त्या काळी दुकानात गेलो, पैसे मोजले आणि गाडी घेऊन आलो असं नव्हतं बरं का! आधी पैसे भरून नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. अण्णांनी ती गाडी जपून वापरली. पुढे काचबिंदूमुळे त्यांची नजर कमी झाली. २०१३ साली एक दिवस त्यांनी स्वतःच किल्ली देवघराच्या फडताळात ठेवली आणि म्हणाले, "आता बास." तेव्हापासून गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

एप्रिल २०२४ मध्ये एक भंगारवाला विचारायला आला. शेडची जागाही हवी होती. व्यवहार जवळपास ठरला. तेवढ्यात माझी लेक म्हणाली, "बाबा, विकायच्या आधी एकदा उघडून तर बघू या." तिची आठवीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि सुट्टी पुढे पसरली होती. मी बँकेत नोकरी करणारा माणूस. पंक्चर झालेलं चाक बदलण्यापलीकडे मला गाडीतलं काही येत नव्हतं. अण्णांना सगळं येत होतं, पण दिसत नव्हतं. शेवटी आम्ही तिघांनी कामं वाटून घेतली. अण्णांचे कान आणि त्यांची आठवण, माझे हात, आणि लेकीचे डोळे व बारीक बोटं. शिवाय गल्लीतले मिस्त्री रोज संध्याकाळी चक्कर टाकून केलेलं काम तपासून जात.

पहिलाच नियम लेकीनं केला. कुठलाही भाग सोडवण्याआधी त्याचा फोटो काढायचा. सुटलेले नट-बोल्ट मुरांब्याच्या रिकाम्या बरण्यांत ठेवायचे आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवायची. महिन्याभरात तिच्या आईच्या स्वयंपाकघरातली एकही बरणी शिल्लक राहिली नाही!

इंजिन जाम झालं होतं. म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली होणारे पिस्टन गंजानं जागच्या जागी धरले होते. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही चारही स्पार्क प्लग काढले, त्या भोकांतून थोडं थोडं डिझेल ओतलं आणि आठ दिवस हात लावला नाही. नवव्या दिवशी मोठा पाना लावला. मी जोर काढणार, इतक्यात ओसरीवरून अण्णा ओरडले, "जोर नको! जरा पुढं, जरा मागं. रुसलेल्या पोराला उठवतात तसं." अर्ध्या तासानं ते इंजिन केसभर हललं. लेकीनं अशी काही उडी मारली की शेडचा पत्रा वाजला.

मग कार्ब्युरेटर उघडून त्यातली बारीक भोकं साफ केली. पेट्रोलच्या टाकीतून तांबूस गंज निघाला, तो धुऊन काढला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. म्हणून त्या सगळ्या नळ्या बदलल्या.

ऑगस्टमधल्या एका रविवारी इंजिन सुरू झालं. खोकत, धूर ओकत, पण सुरू झालं! आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि अण्णा मात्र मान हलवत होते. "तीनच बोलताहेत," ते म्हणाले. "एक गप्प आहे."

पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. त्यांत ठिणगी पडते ती १, ३, ४, २ अशा क्रमानं. एका पाठोपाठ पाडली तर धक्के नीट वाटले जात नाहीत. चारांतला गप्प कोण ते शोधायची युक्ती सोपी आहे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, पुन्हा सुरू करून ऐकायचं. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला! आमचा चोर होता तीन नंबरचा. त्याच्या प्लगच्या चिनीमातीला तडा गेला होता. नवा प्लग बसवला आणि ओसरीवरून आवाज आला, "हां, आता झालं."

आणि इथंच खरी अडचण उभी राहिली. डिसेंबरमध्ये माझ्या पुतण्याचं लग्न होतं. अण्णांनी जाहीर करून टाकलं, "नवरदेवाची वरात माझ्या फियाटमधून निघणार." त्यांचं वय ८२. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. सगळे पाहुणे खूश झाले. रंगाचा खर्चही काढला. १८,००० रुपये.

पण ब्रेक अजून उघडायचे होते. या गाडीच्या चारही चाकांत ड्रम ब्रेक असतात. तुम्ही शाळेत पास्कलचा नियम शिकता ना? बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. ब्रेकचं तसंच आहे. पायानं पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे दाब नेतं. तिथले छोटे सिलिंडर ब्रेकच्या पट्ट्यांना बाहेर ढकलतात, त्या फिरणाऱ्या ड्रमला घासतात आणि चाक थांबतं.

ड्रम उघडताना मिस्त्रींनी एक गोष्ट बजावली. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक. म्हणून ती फुंकायची नाही की झटकायची नाही. तोंडाला मास्क बांधून ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची.

आत काय होतं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. अकरा वर्षांत त्या पाण्यानं सिलिंडर आतून खाल्ले होते. ड्रम मी आणि लेक उद्यमनगरात घेऊन गेलो. कोल्हापुरातलं उद्यमनगर म्हणजे लेथ मशिनचं गावच. तिथल्या एका कारागिरानं माप घेतलं आणि हसून म्हटलं, "पोरी, अजून माल हाय ह्यात. घासून देतो की." ड्रम झाले. पण मागच्या एका चाकाचा सिलिंडर पार गेलेला होता. नवा कोल्हापुरात मिळेना, पुण्यात मिळेना. शिवाय मास्टर सिलिंडर, सगळ्या नळ्या, पट्ट्या असा खर्च वाढत गेला. पैसे होते ते रंगाचेच.

नोव्हेंबर उजाडला. पाहुण्यांपैकी कुणीतरी सुचवलं, "वरात काय, चालण्याच्या वेगानं जाते. तीन चाकांचे ब्रेक पुरेत की!" मी लेकीकडं पाहिलं. ती उठली आणि थेट अण्णांपुढं जाऊन बसली.

"अण्णा, गाडी चालते, पण थांबत नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. दोन दिवस त्यांनी गाडीचं नावही काढलं नाही. लेक कावरीबावरी झाली. रात्री मला विचारायची, "मी सांगायला नको होतं का?" तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी तिला हाक मारली. म्हणाले, "आंबा घाटातनं मी ही गाडी किती वेळा उतरवली असेल! पण नुसत्या ब्रेकवर कधी नाही. ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरवायची. ब्रेक तापले की धरत नाहीत. आणि वरातीत पोरं गाडीपुढं नाचत असतात. तू म्हणतेस ते बरोबर. आधी ब्रेक, मग रंग."

वरात भाड्याच्या गाडीतून निघाली. अण्णा तिच्यातच बसले आणि त्यांनी कुणाकडं तक्रार केली नाही.

जानेवारीत तो सिलिंडर सापडला तो मुंबईला, कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात. जिथं गाडी जन्मली तिथंच! सगळं जोडल्यावर एक काम उरलं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. तेल दाबलं जात नाही, पण हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला तर पायाचा जोर त्यालाच चेपण्यात जातो आणि पेडल स्पंजासारखं लागतं.

हे काम एकट्यादुकट्याला अवघड. मी पेडलवर, लेक चाकापाशी आणि मिस्त्री शेजारी उभे. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. ती म्हणणार "दाबा", मी पेडल दाबून धरणार. ती छोटा स्क्रू सैल करणार, नळीतून बुडबुडे बाहेर. ती स्क्रू आवळणार आणि मगच म्हणणार "सोडा". मी आधी सोडलं, तर हवा परत आत! इतर वेळी घरात "अभ्यास कर", "मोबाइल ठेव" असं मी सांगतो आणि ती ऐकते, किंवा ऐकत नाही. त्या दुपारी चार तास ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट लागलं.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आमची मुदत कधीच संपली होती. दंड भरला, फेब्रुवारी २०२५ मध्ये तपासणी झाली, ब्रेक पास झाले आणि नोंदणी मिळाली. रविवारी अण्णांना पुढं बसवून मी गाडी रंकाळ्यापर्यंत नेली. लेक मागं. तिला अठरा पूर्ण होईपर्यंत मोटार चालवता येणार नाही, हे तिला माहीत आहे आणि ती दिवस मोजते आहे. अण्णा सगळा वेळ डोळे मिटून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "डाव्या दाराची बिजागरी वाजते."

गाडीचा रंग अजून उडालेलाच आहे. लेकीनं एक वही केली आहे. अण्णा सांगतात आणि ती लिहून घेते. कुठला आवाज म्हणजे काय, कुठला नट उलट्या दिशेनं सुटतो, असं सगळं. सत्तर पानं झाली आहेत.

मुलांनो, तुमच्या घरी गाडी नसेल, पण शिवणयंत्र असेल, बंद पडलेला रेडिओ असेल, आजोबांची सायकल असेल. विजेची वस्तू असेल तर आधी प्लग काढा, जाणत्या माणसाला शेजारी बसवा, मग उघडा. बरण्यांवर चिठ्ठ्या लावायला विसरू नका. आणि पालकहो, बरण्या आधीच लपवून ठेवा!